आरोग्यशिक्षणाचा पहिला प्रश्न

लोकांना आरोग्याचे नियम शिकवावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. व्याख्यानें, पत्रकें, जादूच्या कंदिलाचे खेळ, भिंतींवरचीं चित्रें आणि आतां मोबाइलवर येणारे संदेश, अशीं तिचीं रूपें बदलत गेलीं. या सर्व खटाटोपांत काय शिकवावें याचा विचार पुष्कळ होतो. ज्याला शिकवावयाचें त्याला कशाची गरज आहे, त्याला आधींच काय ठाऊक आहे आणि तो कशाला भितो, याचा विचार मात्र फार थोडा. या दुर्लक्षाची किंमत किती पडते, हें पाहण्यास दूर जावयास नको. आपल्याच प्रांताच्या इतिहासांतलीं दोन प्रकरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं.

पहिलें प्रकरण प्लेगचें. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासिओ व्हिएगस यांनीं हा रोग ओळखला. पुढल्याच महिन्यांत रोग्यांना सक्तीनें वेगळें काढण्याचे हुकूम सुटले, आणि तो महिना संपण्यापूर्वीं गिरणी-कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास रँडच्या कमिटीनें गोऱ्या शिपायांकरवीं घरोघर झडत्या घेतल्या, आणि २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली. हा इतिहास वाचकांच्या तोंडीं आहे. त्याची राजकीय बाजू येथें पुन्हां उगाळण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांला त्यांतला शिक्षणाचा भाग तेवढा पाहावयाचा आहे.

अधिकाऱ्यांची समजूत अशी कीं, लोक अडाणी आहेत, आपल्याला मात्र रोग समजला आहे. वस्तुस्थिति तशी नव्हती. उंदरावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हें पॉल-लुई सिमाँ यानें १८९८ सालीं दाखविलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी आठ-दहा वर्षें लागलीं. १८९७ मधला सगळा भर कार्बोलिक, चुना, गटारें आणि झडत्या यांवर होता. उलट गढवाल-कुमाऊंच्या डोंगरांतील खेडुतांना 'महामारी' पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. घरांत उंदीर मरूं लागले कीं ते गांव सोडून रानांत राहावयास जात. त्यांना कारण सांगतां आलें नसतें, पण वागणें बरोबर होतें. आपल्याकडेही 'उंदीर पडला' हे दोन शब्द ऐकून घर सोडण्याची रीत पुढें पडलीच. लोकांना अडाणी समजून कोणी विचारलें नाहीं. विचारलें असतें तर शिकविणाऱ्याचाच अभ्यास थोडा पुढें सरकला असता.

लोकांच्या भीतीचेंही तेंच झालें. रुग्णालयांत माणसाला मारून त्याच्या अंगाचें तेल काढतात, अशा कंड्या तेव्हां मुंबईंत पिकल्या. सुशिक्षितांनीं त्यांवर हसणें सोपें होतें. परंतु कंडीच्या पोटांत खरी काळजी होती: आजाऱ्यापाशीं घरचें माणूस राहूं देणार कीं नाहीं, त्याच्या तोंडांत पाणी कोण घालणार, परक्या पुरुषानें बाईच्या अंगाला हात लावावा काय, आणि मेल्यावर प्रेत तरी हातीं येणार काय. यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर कार्बोलिकमध्यें नव्हतें. पुढें निरनिराळ्या समाजांना आपापलीं प्लेगचीं रुग्णालयें काढूं दिलीं, झडत्यांचा जाच कमी केला, तेव्हां कोठें विरोधाची धार बोथट झाली. रोग तोच, औषधें जवळजवळ तींच. पण रोग्याला उचलणारा हात बदलला. पुण्याजवळ पुत्र यशवंत याच्या दवाखान्यांत रोगी पोंचवीत असतां सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. शिपायाच्या हातीं जाण्यास नाकारणारीं माणसें अशा हातांवर विश्वास टाकीत, हें त्याच वर्षीं, त्याच पुण्यांत दिसलें होतें.

दुसरें प्रकरण पाऊणशें वर्षांनंतरचें आणि पुण्याहून फार लांबचेंही नव्हे. तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड या दुष्काळी तालुक्यांत १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें काम सुरू केलें. दोघेही वेल्लोरला शिकलेले, पुढें अमेरिकेंतून सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन आलेले. असे पदवीधर खेड्यांत आले म्हणजे आधीं फळा टांगला जावा! येथें तसें झालें नाहीं. गांवकऱ्यांना काय पाहिजे तें विचारलें, तेव्हां औषधाचें नांव प्रथम निघालें नाहीं. निघालें तें पाणी आणि अन्न. म्हणून आरोग्याचा कार्यक्रम विंधन विहिरींपासून आणि पोरांच्या सामुदायिक स्वयंपाकापासून सुरू झाला. विहिरी शक्यतों दलित वस्तींत घेतल्या गेल्या, त्यामुळें पाणी भरण्यास सगळ्यांनाच तेथें यावें लागे. हा धडा कोणत्याही पुस्तकांत नव्हता.

पुढची अडचण शिकविणाराची. पगारी परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या, पण त्या रुळल्या नाहींत, आणि गांवानेंही त्यांना आपलें मानलें नाहीं. तेव्हां गांवानेंच आपल्यांतली एक बाई निवडावी, असें ठरलें. यांतल्या पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित. आठवड्यास एकदां त्या जामखेडला येत, एकत्र राहात, एकत्र जेवत, आणि गांवांत त्या आठवड्यांत काय पाहिलें तें सांगत. त्यांच्या सांगण्यांतून शिकवणीचा विषय निघे.

याचें महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. गरोदर बाईनें पोटभर खावें, हा उपदेश कोणीही करील. परंतु फार खाल्लें तर मूल मोठें होतें आणि बाळंतपण अडतें, अशी समजूत पुष्कळ खेड्यांत होती. जेथें अडलेल्या बाईला रुग्णालय गांठणें म्हणजे दिवसभराची बैलगाडी, तेथें ती भीति मूर्खपणाची म्हणतां येत नाहीं. आधीं सुईण शिकली पाहिजे, अडल्यास पोंचण्याची सोय पाहिजे. मग 'पोटभर खा' या वाक्याला अर्थ येतो. ही गोष्ट शेजारच्या बाईपुढें बोलली जाते, पाहुण्या डॉक्टरापुढें बोलली जात नाहीं. आम्हां पांढरपेशांना उपदेशाची हौस मोठी. कामवालीला जंतूंविषयीं सांगण्यापूर्वीं तिच्या वस्तींत नळाला किती वेळ पाणी येतें, हें आपण सहसा विचारीत नाहीं.

फळ काय मिळालें, तें आंकड्यांत सांगतां येतें. जामखेडच्या कार्यक्षेत्रांत १९७१ सालीं हजारीं १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत. १९९० नंतरच्या दशकांत ही संख्या तिसाच्या खालीं आली. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या प्रयोगाला स्थान मिळालें. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हें सारें श्रेय शिक्षणपद्धतीचेंच, असें आम्ही म्हणत नाहीं. पाणी, लसी आणि पोटाला अन्न यांचा वांटा मोठाच आहे. परंतु लसीसाठीं मूल पुढें करणारी आई कोणाच्या शब्दावर तें पुढें करते, हा प्रश्न उरतोच.

कीर्ति झाली तशी अनुकरणेंही झालीं. २ ऑक्टोबर १९७७ पासून केंद्र सरकारनें गांवोगांवीं आरोग्य-रक्षक नेमण्याची योजना काढली. तीन महिन्यांचें शिक्षण, दरमहा पन्नास रुपये मानधन आणि औषधांची पेटी. ज्या घरगुती गोष्टी बाईनें बाईशीं बोलावयाच्या, त्यांसाठीं निवडल्या गेलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते.