कागद कुणाचे?

महापेहून डोंबिवलीला घरी जाताना शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकणं हा आमचा रोजचा कार्यक्रम. परवा असाच अडकलो होतो. बाहेर कामावरून परतणारे मजूर दिसले आणि पोस्टव्हिल आठवलं. मी आयोवात ऑनसाइट होतो तेव्हा ही गोष्ट ऐकली होती. (माझ्या व्हिसाचे कागद कंपनीच्या वकिलाने भरले होते, मी फक्त सह्या केल्या!)

पोस्टव्हिल हे दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. 12 मे 2008 ला तिथल्या अ‍ॅग्रिप्रोसेसर्स या मांस कारखान्यावर इमिग्रेशनची धाड पडली, 389 जण पकडले गेले. बहुतेक ग्वाटेमालाचे. त्यांना ठेवलं कुठे? जनावरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर! खोट्या कागदपत्रांसाठी बहुतेकांना पाच महिने कैद, मग हकालपट्टी. कारखान्याच्या व्यवस्थापकावरचे इमिग्रेशनचे आरोप मात्र मागे घेतले गेले. बालमजुरीच्या खटल्यात तो 2010 साली निर्दोष सुटला. 27 वर्षांची शिक्षा झाली ती बँकेला फसवलं म्हणून. तीही 2017 मध्ये कमी होऊन तो बाहेर आला.

आपल्याकडे काय वेगळं आहे? जुलै 1998 मध्ये मुंबईतल्या बंगाली बोलणाऱ्या जरी कारागिरांना 'बांगलादेशी' म्हणून पोलिसांनी हावड्याच्या गाडीत बसवलं. उलुबेरिया स्टेशनात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं. जून 2025 मध्ये तर आमच्याच ठाणे जिल्ह्यात, मीरा रोडला, मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला पकडून सीमेपलीकडे ढकललं. तो भारतीयच होता, मग परत आणावं लागलं. 1946 चा कायदा घ्या की 2025 चा नवा, 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करायचं त्या माणसानेच.

मला वाटतं, धाडीचा खरा परिणाम पकडलेल्यांपेक्षा मागे राहिलेल्यांवर होतो. मुकादमाने मजुरी बुडवली तर तक्रार कुणाकडे करणार? पोलिसात जायचं म्हणजे आधी स्वतःचेच कागद दाखवा. नसतील तर गप्प बसा. असतील तरी भीती आहेच, त्या गवंड्याचं काय झालं ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. असा घाबरलेला माणूस स्वस्तात मिळतो, ओव्हरटाइम मागत नाही.

आणि याच शीळफाट्याला 4 एप्रिल 2013 ला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली, 74 माणसं गेली. वर बांधकाम चालू आणि खाली मजुरांचे संसार. त्या इमारतीला परवानगीच नव्हती. कागद तपासायचेच होते, तर ते तपासायचे होते ना?