मडकं घरातलं, शिक्का सरकारचा

आजची गोष्ट एका बाटलीपासून सुरू होते. ती उघडली मैसूरच्या मेटगळ्ळीत, आमच्या घरी. कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही कारखान्यांची वस्ती. वडील नोकरीसाठी सांगलीहून इथे आले आणि आम्ही इथलेच झालो.

माझा भाचा जपानहून आला होता. त्यानं फ्रीजमधून दुधाळ पांढरी बाटली काढली आणि म्हणाला, "मामा, झाकण हळू फिरवा. आत यीस्ट अजून जिवंत आहे." मी कसला ऐकतो! फस्सकन फेस उसळला आणि निम्मा टेबलावर. आई आतून आली, नाक उडवत म्हणाली, "इडलीचं पीठ कुणी सांडलं रे?"

आईचं ते वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आधी बाटलीतलं काय ते सांगतो. साके म्हणजे तांदळाचं मद्य. वाफवलेल्या तांदळावर 'कोजी' नावाची बुरशी वाढवतात. ती तांदळातल्या पिष्टाची साखर करते, आणि त्याच भांड्यात यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं. नेहमीची साके गाळून नितळ करतात आणि तापवतात, म्हणजे यीस्ट मरतं नि बाटली शांत राहते. ही तापवण्याची युक्ती नारा इथल्या एका मठाच्या रोजनिशीत सोळाव्या शतकात नोंदलेली आहे, म्हणजे लुई पाश्चरच्या तीनशे वर्षं आधी! आमची बाटली मात्र जाड जाळीतून गाळलेली, न तापवलेली 'निगोरी' होती. तळाशी तांदळाचा गाळ, वर बुडबुडे. आंबटगोड चव, ताकासारखा दाटपणा. पण ताक समजून पिऊ नका, त्यात मद्यार्क 15 टक्क्यांच्या आसपास असतो.

याची जास्त गावरान बहीण म्हणजे 'दोबुरोकु'. ती अजिबात न गाळता प्यायची. जपानी शेतकऱ्यांच्या घरोघरी ती व्हायची. 1899 मध्ये सरकारनं घरी मद्य करण्यावर पूर्ण बंदी घातली. नैतिकतेपेक्षा तिजोरीचा प्रश्न मोठा होता. मद्यावरचा कर हा तेव्हा सरकारच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक, आणि घरातल्या मडक्यावर कर बसवणार कसा? काही देवळांच्या उत्सवांपुरती परवानगी राहिली. बाकी घरांतून ती विद्या लपूनछपून चालली, नाहीतर विसरली गेली. 1980 च्या दशकात तोशिहिको माएदा नावाच्या गृहस्थांनी उघडपणे घरी दोबुरोकु केली आणि खटला अंगावर घेतला. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. पुढे 2002 च्या विशेष क्षेत्रांच्या कायद्यानं दार थोडं किलकिलं झालं. ठरावीक भागात, स्वतः भात पिकवून खाणावळ किंवा पाहुणेघर चालवणाऱ्या शेतकऱ्यांना दोबुरोकुचा परवाना मिळू लागला.

आता मैसूरला परत येऊ. आमच्या घरापासून काही किलोमीटरवर प्राच्यविद्या संशोधनालय आहे. 1905 च्या सुमारास तंजावरकडच्या एका पंडितांनी तिथे ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि लक्षात आलं की हे तर कौटिल्याचं 'अर्थशास्त्र'! 1909 मध्ये त्यांनी ते छापलं. पुढे आपल्या र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती केली.

त्या ग्रंथात 'सुराध्यक्ष' या अधिकाऱ्यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात 'मेदक' या तांदळाच्या मद्याची कृती मापांसह दिली आहे. हिशोब केला तर 16 मापं पाण्याला 2 मापं तांदूळ आणि 3 मापं किण्व. किण्व म्हणजे आंबवण्याचं विरजण. ते कशाचं? वाटलेले उडीद, त्यात एक तृतीयांश जास्त तांदूळ आणि काही वनस्पती. उडीद आणि तांदूळ, मंडळी! आईचं नाक आठवा. इडली त्यातूनच आली असं मी म्हणत नाही. इडलीच्या पिठातले जंतू वेगळे, काम वेगळं. पण उडीद-तांदूळ वाटून आंबवायची जाण या देशाच्या हाताला किती जुनी आहे, ते दिसतं. किण्वाचं काम बायका-मुलांनी करावं, असंही तिथे म्हटलंय. म्हणजे ही विद्या घरातलीच.

कौटिल्य काही मवाळ माणूस नव्हे. त्याच्या राज्यात मद्यावर कडक सरकारी ताबा आहे, चोरून विकलं तर दंड आहे. तरीही तो एक खिडकी उघडी ठेवतो. घरच्या कार्यात कुटुंबांनी 'श्वेतसुरा', म्हणजे पांढरी सुरा, करावी. औषधासाठी अरिष्ट करावं. उत्सवात, यात्रेत चार दिवस मोकळीक.

इंग्रजांनी ही खिडकीही लावून घेतली. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ताडीच्या झाडांवरचे कर वाढले आणि भंडारी समाजानं विरोध केला. 1892 मध्ये खास मोहाचा कायदा आला. ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींनी मोहफुलं साठवणंही गुन्हा ठरू लागलं, आणि ती फुलं तर त्यांचं खाणंही होतं. महाराष्ट्रात ही बंधनं सैल व्हायला 2021 उजाडलं.

दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं मीही पाहिली आहेत, त्यामुळे नियम नकोत असं मी म्हणणार नाही. पण कर वसूल करायला सोपं जावं म्हणून घरातली विद्या मारली, की ती परत आणायला शंभर वर्षं लागतात. कधी ती येतच नाही.

तर, बाटलीत उरलेल्या निम्म्याचं काय केलं? सुकं मटण, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. साके थंडगार. तिचा गोडवा आणि गाळ तिखटाची धार बोथट करतो, आंबटपणा आणि बुडबुडे तेल धुऊन काढतात. कांदाभजीबरोबरही झकास. वाफवलेल्या माशावर मात्र ती दांडगाई करते, आणि श्रीखंडाबरोबर तर नकोच, गोडावर गोड होतं.

आईनं घेतली नाही. फक्त पेला हुंगला आणि म्हणाली, "पीठ छान फुगलंय हो." मग उद्याच्या इडलीचं वाटायला आत गेली. ते मडकं तरी अजून आपल्या घरात आहे.

पुढच्या भागात भेटू. तुम्ही बेळगावला असा, इंदूरला असा की बडोद्याला, तुमच्या घरात काय आंबवलं जायचं ते आजीला विचारून ठेवा. आणि लिहून ठेवा.