कोंडाणे

कोंडाणे : (कोंढाणे). रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एक गाव व त्याच्या नावाने ओळखला जाणारा प्राचीन बौद्ध लेण्यांचा समूह. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, दाट झाडीत हा समूह कोरलेला आहे. लेण्यांचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. दुसरे ते पहिले शतक मानतात. पुण्याजवळच्या सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा असल्याने दोन्ही नावांची गल्लत होते. त्या किल्ल्याशी या गावाचा संबंध नाही. उल्हास नदीवरील कोंढाणे धरणाच्या रेंगाळलेल्या प्रकल्पामुळेही हे नाव वृत्तपत्रांतून वाचनात येते.

स्थान व भूरूप : मुंबई–पुणे लोहमार्गावरील कर्जत हे सर्वांत सोयीचे स्थानक. खालापूर तालुका दक्षिणेला असून बोरघाट त्याच बाजूला आहे. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य धार व तिच्यावर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात. सगळा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. हे थर एकावर एक आडवे बसलेले असल्याने कडे सरळ तुटतात आणि थरांच्या सांध्यांवर पाणी झिरपते. एकसंध कातळ कोरायला उत्तम आणि पाणी हाताशी, या दोन्ही सोयी लेणी खोदणाऱ्यांनी नेमक्या हेरल्या होत्या. उल्हास नदी याच डोंगरातून उतरून कल्याणवरून वसईच्या खाडीला मिळते. कल्याण हे सातवाहनकाळचे नामांकित बंदर. तेथून घाटमाथ्याकडे जाणारे व्यापारी मार्ग या खोऱ्याच्या आसपासून जात. घाट चढून गेल्यावर कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी लागतात. कोंडाण्याचा विहार या वाटांच्या कोकणाकडच्या टोकाला होता, असे म्हणता येते.

चैत्यगृह : समूहातील मुख्य लेणे. आतून सुमारे 66 फूट लांब, साडेसव्वीस फूट रुंद आणि कमानीच्या माथ्यापर्यंत सव्वाअठ्ठावीस फुटांहून थोडे अधिक उंच. मागची बाजू अर्धवर्तुळाकार असून तेथे साडेनऊ फूट व्यासाचा स्तूप आहे. बुद्धमूर्ती नाही, लेणी कोरली तेव्हा पूजा स्तूपाचीच होत असे. मधले दालन व दोन्ही बाजूंचे प्रदक्षिणेचे पट्टे वेगळे करणारे अष्टकोनी खांब होते. त्यांतील बहुतेकांचे खालचे भाग नाहीसे झाले आहेत, त्यामुळे काही खांब छतापासून लोंबत असल्यासारखे दिसतात.

छत गजपृष्ठाकार आहे. त्याला खालून लाकडी वाशांच्या कमानी बसवल्या होत्या. दगडात कोरलेल्या छताला वाशांची गरज नव्हती, तरीही ते बसवले. कारण त्या काळी प्रार्थनेची जागा म्हणजे लाकडी मांडव ही कल्पना मनात घट्ट होती. आज ते वासे नाहीत, त्यांच्या जागा तेवढ्या कळतात. जवळच्या भाजे लेण्यात चैत्यगृहाच्या तोंडाशी लाकडी आडपडदा होता. कोंडाण्यात त्याच ठिकाणी दगडी खांब योजले गेले. लाकडाकडून दगडाकडे झालेले हे संक्रमण लेणी-स्थापत्याच्या इतिहासात महत्त्वाचे ठरते आणि म्हणूनच अभ्यासक कोंडाण्याला भाज्यानंतरचा टप्पा मानतात. हीच परंपरा पुढे कार्ल्याच्या भव्य चैत्यगृहापर्यंत पोचली.

दर्शनी भाग : पिंपळपानाच्या आकाराची मोठी कमान, तिच्या दोन्ही अंगांना लहान गवाक्षे, वेदिकेच्या पट्ट्या आणि मधल्या चौकटींत स्त्री-पुरुषांच्या जोड्या, अशी येथील मांडणी आहे. काही चौकटींतले पुरुष धनुर्धारी आहेत, तर काही जोड्या नृत्याच्या पवित्र्यात. अंगे सडपातळ, कमरेला नेमका बाक आणि पागोट्यांचे बांध वेगवेगळे. हात-सव्वाहात उंचीच्या चौकटीत पाय उचलून तोल सांभाळणारी आकृती कोरण्याइतका सफाईदार हात या कारागिरांचा होता. वेदिकेचे उभे-आडवे दांडे पाहिले तर ते दगडात घेतलेले असूनही सुताराने खाचा पाडून एकमेकांत अडकवल्यासारखे वाटतात.

शिलालेख : कमानीच्या डाव्या बाजूला पुरुषाहून थोड्या मोठ्या आकाराच्या एका मूर्तीचा भग्न भाग शिल्लक आहे. चेहरा झिजून गेला असला, तरी शिरोभूषणाची वीण अजून लक्ष वेधून घेते. तिच्या खांद्याजवळ ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक ओळ आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’, म्हणजे कण्हाचा (कृष्णाचा) शिष्य बलक याने हे केले. पश्चिम भारतातल्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे पुष्कळ सापडतात. घडवणाऱ्याचे नाव क्वचितच. येथे दात्याचा उल्लेख नाही. शिल्पकार आपल्या गुरूचे नाव आधी आणि आपले नंतर सांगतो. मराठी वाचकाला ही ओळ फारशी परकी वाटू नये. ‘कण्ह’ आपल्याकडे कान्हा, कान्होबा होऊन आला आणि गुरूजवळ राहून शिकणारा या अर्थी ‘अंतेवासी’ हा शब्द आजही मराठीत आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांतील यक्षमूर्तीवरही कण्हदास नावाच्या सोनाराने आपली सही कोरली आहे. बारीक नक्षीची सवय असलेले हात दगडाकडे वळले होते, याला ती सही साक्ष देते.

विहार : चैत्यगृहाला लागून भिक्षूंच्या निवासाचे विहार आहेत. त्यांतील पहिल्याचा पडवीकडचा भाग ढासळला आहे. पडवीच्या टोकाला कमानीखाली स्तूपाचे अर्धउठावातील शिल्प आहे. आतले दालन सुमारे 23 फूट रुंद, 29 फूट खोल व सव्वाआठ फूट उंच. दालनात भिंतींपासून थोडे अंतर ठेवून तीन बाजूंनी 15 खांब होते. भोवती प्रत्येक बाजूस 6 याप्रमाणे 18 खोल्या असून प्रत्येकीत निजण्यासाठी दगडी ओटा आहे. छत खास पाहण्यासारखे. खांबांच्या माथ्यांवरून जाणाऱ्या जाड तुळया आणि त्यांच्यामधले आडवे-उभे बारीक वासे असे सगळे घराचे आढे दगडात जसेच्या तसे उतरवले आहे. खरा भार कातळच पेलतो. तुळया केवळ ओळखीच्या घराची खूण म्हणून आहेत.

संशोधन : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विष्णुशास्त्री यांनी ही लेणी प्रथम अभ्यासकांच्या नजरेस आणली आणि लवकरच ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर लॉ यांनी ती पाहिली. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात गेला आणि त्या जिल्ह्याचे नाव 1981 मध्ये रायगड झाले. जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांच्या 1880 मधील ‘द केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात कोंडाण्याचे मोजमापांसह वर्णन आहे. आज ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत.

चढाईची वाट : कर्जतहून रिक्षा किंवा टमटमने उल्हासकाठच्या कोंडिवडे गावापर्यंत जाता येते. तेथून लेण्यांपर्यंत तास-दीड तासाची पायी चाल आहे. सुरुवातीला भातखाचरे व वाड्या, मग ओढे ओलांडत झाडीतून चढणारी दगडगोट्यांची वाट. या परिसरात ठाकर व कातकरी वस्त्या आहेत. वाटेला फाटे पुष्कळ असल्याने वाडीवर विचारून पुढे जाणे शहाणपणाचे. लेण्यांपासून राजमाचीच्या माचीवरील उधेवाडीपर्यंत आणखी दोन-तीन तासांचा चढ आहे. उधेवाडीला घरगुती जेवण व मुक्काम मिळतो. उलट बाजूने लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे 15 किलोमीटरची सपाट वाट राजमाचीला येते. त्यामुळे लोणावळ्याहून येऊन कोंडाण्याकडे उतरायचे, असाही बेत अनेक जण आखतात.

पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा चैत्यगृहासमोर पाण्याचा पडदा धरतो. हे दृश्य विलक्षण असले, तरी त्याच दिवसांत ओढ्यांना अचानक लोंढे येतात, कातळ शेवाळतो आणि वरून दगड सुटतात. जोरदार पावसात ही वाट टाळावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ लेणी निवांत पाहण्यास चांगला. उन्हाळ्यात वाटेतल्या पाण्याचा भरवसा नसतो. पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, राजमाचीच्या रानात काजवे चमकतात.

तुलना : डोंगर चढून बौद्ध स्थळी पोचण्याची रीत आशियात दूरवर पसरली. कोरियातील सात डोंगरी मठांचा 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. तेथे आजही भिक्षू राहतात आणि गिर्यारोहकांची वाट मठाच्या अंगणातून जाते. त्याच देशातील तोहाम डोंगरावरील आठव्या शतकातले सोकगुराम हे लेणे ग्रॅनाइटचे घडीव दगड रचून बांधलेले आहे. कोंडाण्यात कारागिरांनी कातळ पोखरून घर केले, तर सोकगुराममध्ये दगड जोडून गुहा उभी केली. कोंडाण्यातला संघ केव्हाच पांगला. पायी येणारे मात्र अजून येतात.

जतन : खांबांचे तळ गेलेले, पडव्या ढासळलेल्या आणि दर वर्षी पाण्याचा मारा, अशा स्थितीत उरलेले कोरीवकाम टिकणे येणाऱ्यांच्या वागण्यावरही अवलंबून आहे. भिंतींवर नावे कोरणे, चैत्यगृहात चूल पेटवणे, शिल्पांना हात लावणे यांनी झालेली हानी भरून येत नाही. राजमाचीला निघालेले अनेक जण येथे केवळ पाणी पिण्यापुरते टेकतात. त्यांनी पिशवी खाली ठेवावी, कमानीच्या डाव्या हाताला जावे आणि मान वर करून पाहावे. भग्न मूर्तीच्या खांद्याजवळ कण्हाचे आणि त्याच्या शिष्याचे नाव शोधावे.