चाक सव्वीसच इंची का?

डोंगरातल्या पायवाटांवर, दगडधोंड्यांतून चालवायची सायकल घ्यायला निघालेला हौशी सायकलपटू आज हमखास एक प्रश्न विचारतो : चाक २९ इंची घ्यावे की साडेसत्तावीस इंची? १९८० च्या दशकात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नसे. गिअर, ब्रेक, सांगाड्याचा धातू यांवर भरपूर चर्चा होई; चाक मात्र २६ इंची, हे ठरलेलेच असे. ते कशामुळे ठरले आणि बदलायला एवढा काळ का लागला, हे पाहू या.

१९३३ साली, मंदीच्या काळात, शिकागोच्या श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींसाठी २६ इंच व्यासाचा, दोन इंचांहून रुंद, कमी दाबाच्या हवेवर चालणारा फुगीर टायर बाजारात आणला. हा आकार डोंगरासाठी योजलेला नव्हता. शहरातल्या रस्त्यांवर मुलांनी केलेली आदळआपट सोसावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

सुमारे चाळीस वर्षांनंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरीन परगण्यात काही तरुण याच जुन्या सायकली माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या उतारांवरून खाली सोडू लागले. सायकली स्वस्तात मिळत आणि त्यांचे रुंद टायर खडबडीत वाटेवर टिकत. ऑक्टोबर १९७६ मध्ये तेथील एका वाटेवर शर्यती सुरू झाल्या. सुमारे साडेतीन किलोमीटर अंतरात ही वाट जवळजवळ ४०० मीटर खाली उतरते. पेडल उलटे दाबून लावायचा मागचा ब्रेक उतारभर इतका तापे, की त्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नाव पडले ‘रिपॅक’.

जुने सांगाडे हा मार सोसेनात. म्हणून १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी नवा सांगाडा घडवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या सांगाड्यांवर सायकली बांधून विकायला सुरुवात केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ जपानमध्ये मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. सांगाडा, ब्रेक, गिअर सारे बदलले. चाक तेच राहिले. कारण साधे होते. रुंद, दणकट टायर त्याच मापात सहज मिळत होते. पुढे रिम, ट्यूब, चिमटे बनवणाऱ्यांनीही तेच माप धरले आणि सोय म्हणून घेतलेली गोष्ट नियम होऊन बसली.

मोठे चाक चांगले की वाईट, याचे निदान अर्धे उत्तर अकरावी-बारावीच्या पदार्थविज्ञानात मिळते. आसाला आडवा जोर लावून चाक पायरीवर चढवायचे, हे गणित आपण फळ्यावर सोडवतोच. १० सेंटिमीटर उंचीचा दगड घ्या. टायरसह २६ इंची चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर धरली, तर लागणारे बल चाकावरील भाराच्या सुमारे १.०३ पट येते. २९ इंची चाकासाठी त्रिज्या ३७ धरली, तर ते सुमारे ०.९४ पट, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के कमी येते. याची किंमतही मोजावी लागते. मोठी रिम, मोठा टायर म्हणजे जास्त वस्तुमान. आणि परिघावरच्या वस्तुमानाला सरळ गतीबरोबर फिरण्याचीही गती द्यावी लागत असल्यामुळे ते वेग घेताना दुप्पट जाणवते. शिवाय अरुंद वळणांवर लहान चाक चपळ ठरते.

थोडक्यात, दोन्ही बाजूंना गुण होते. तुलना व्हायला हवी होती. ती होण्याची एक संधी लवकरच आली होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील जेफ ॲप्स मोठ्या चाकांच्या डोंगरी सायकली बांधत होते. त्यासाठी ते फिनलंडमध्ये बनणारे बर्फावरचे टायर वापरत आणि त्यांतले काही त्यांनी कॅलिफोर्नियात फिशर आणि केली यांच्याकडेही पाठवले. पण टायरांचा पुरेसा पुरवठा होईना. टायर नाहीत म्हणून सायकली नाहीत, सायकली नाहीत म्हणून टायर कोणी बनवत नाही, असे चक्र सुरू झाले.

ते तुटले १९९९ मध्ये. विल्डरनेस ट्रेल बाइक्स या कंपनीने ६२२ मिलिमीटरच्या रिमसाठी डोंगरी टायर काढला. ही रिम नवी नव्हती; रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलींना ती आधीपासून होती. जाड टायरमुळे बाहेरचा व्यास २९ इंचांच्या आसपास गेला, म्हणून नाव ‘एकोणतिशी’. नावावर विसंबू नये, हेही येथे दिसते : आपल्याकडच्या जुन्या दूधवाल्याच्या २८ इंची सायकलीची रिम ६३५ मिलिमीटरची, म्हणजे या ‘२९ इंची’ रिमपेक्षाही मोठी असते!

तरीही लोकांचे मत पालटायला आणखी एक तप गेले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव कुलहावी यांनी २९ इंची चाकांवर सुवर्णपदक मिळवले. एका सेकंदाने मागे राहिलेले निनो शुर्टर साडेसत्तावीस इंची चाकांवर होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत महागड्या डोंगरी सायकलींमधून २६ इंची चाक जवळजवळ नाहीसे झाले. गंमत अशी, की एका सेकंदाच्या फरकाने कोणते चाक चांगले हे सिद्ध होत नाही. त्यात स्वार, वाट, नशीब सारेच मिसळलेले असते. पूर्वी सवयीने २६ इंची घेणारे गिऱ्हाईक आता विजेत्याकडे पाहून २९ इंची घेऊ लागले, एवढाच फरक.

दोन्ही चाके सारख्याच आकाराची असावीत, हेही असेच गृहीत होते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने डोंगरी शर्यतींसाठी ती अट सैल केल्यावर काही उतारपटूंनी पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस इंची चाक बसवले. अडथळ्याला आधी भिडते पुढचे चाक, म्हणून ते मोठे. मागे स्वाराला हलायला आणि वळायला जागा हवी, म्हणून ते लहान.

सायकल निवडताना आपली उंची, आपली वाट आणि आपला वेग आधी पाहावा, हे खरेच. पण दुकानात जे मांडलेले असते, त्याची निवड आपल्याही आधी कोणीतरी, कोणत्यातरी कारणाने केलेली असते. ते कारण आजही लागू आहे का, हे वर्गात विचारायला सायकलीइतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.