देवगिरी ते पॅरिस, व्हाया २-३-२

ढोकी म्हटलं की लोकांना तेरणा साखर कारखाना आठवतो, फार तर शेजारचं तेर आणि गोरोबाकाका. पियानो कुणालाच आठवत नाही, आणि त्यात चूकही काही नाही. पण ऑफिस सुटल्यावर पियानो शिकणाऱ्या माझ्यासारख्या ढोकीकराला विसाव्या शतकातला एक महाकठीण फ्रेंच संगीतकार थेट मराठवाड्यात आणून सोडतो. त्याचीच ही गोष्ट.

ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८-१९९२). पियानोच्या वर्गात हे नाव काढलं की मॅडम हसतात. त्याची 'व्हिंग्त रगार' ही १९४४ ची वीस तुकड्यांची माळ वाजवायला सुमारे दोन तास लागतात, आणि भलेभले त्यात घाम गाळतात. मधल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याने याच्या वाटेला जावं का? माझं मत: जावं, पण मागच्या दाराने. ते दार आपल्याकडे उघडतं.

तेराव्या शतकात आमचा हा सगळा भाग देवगिरीच्या यादवांचा. राजा सिंघण. त्याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले (म्हणजे तेव्हाचे 'ऑनसाइट'च की!), वडील सोढल यादवांच्या चाकरीत. शार्ङ्गदेवाकडे राज्याच्या हिशेबाचं खातं. दिवसा जमाखर्च आणि सोबत 'संगीतरत्नाकर' नावाचा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ! नोकरी सांभाळून छंद जपणाऱ्या समस्त मंडळींनी याचा फोटो (असता तर) क्युबिकलमध्ये लावायला हरकत नव्हती.

ग्रंथाच्या पाचव्या, म्हणजे तालाध्यायात, १२० देशी ताल दिले आहेत. हिशेबनीसच तो, पद्धत एकदम स्वच्छ. लघू हे मूळ माप. द्रुत त्याच्या अर्धा, गुरू दुप्पट, प्लुत तिप्पट. विराम लागला की दीडपट. झालं, एवढ्यावर कुठलाही ताल लिहिता येतो.

पुढे ही यादी फ्रान्सला पोचली. जोआनी ग्रोसे या अभ्यासकाने लाव्हिन्याकच्या संगीतकोशात १९१३ च्या सुमारास भारतावर मोठा लेख लिहिला, त्यात हे ताल छापले. ते मेसियाँच्या हाती लागले आणि गडी वेडा झाला.

त्याला विशेष भावला 'रागवर्धन': द्रुत, द्रुत-विराम, द्रुत, प्लुत. आकड्यांत २-३-२-१२. त्यातलं २-३-२ बघा. उलटं वाचलं तरी तेच, 'रामाला भाला मारा'सारखं. मधला तो जास्तीचा एक म्हणजे विराम. उलटसुलट सारखी लय आणि नियमित ठोक्याला चिकटवलेली छोटीशी भर, या दोन कल्पनांवर त्याने पुढे आपली सगळी लय उभी केली.

१५ जानेवारी १९४१ ला, जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत, गोर्लिट्झला, त्याचं 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' पहिल्यांदा वाजलं. वाजवणारे कैदी, ऐकणारेही बहुतेक कैदीच. त्याच्या पहिल्या भागात पियानो रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल जोडून १७ मात्राखंडांचं चक्र फिरवत राहतो, आणि त्यावर २९ स्वरसमूहांचं दुसरं चक्र. दोन्ही मूळ संख्या. म्हणजे दोन्ही लूप पुन्हा एकत्र सुरू व्हायला १७ × २९ = ४९३ ठोके हवेत. संगीत त्याच्या कितीतरी आधी थांबतं. काळ संपत नाही, आपलं ऐकणं संपतं. काट्यांच्या कुंपणाआड बसून हे सुचावं!

आता विद्यार्थ्याने काय करायचं? आधी मांडीवर २-३-२ वाजवा, मोजत. मग हार्मोनियमवर सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी असं चढा. हा मेसियाँचा लाडका दुसरा 'मोड'. दोन्ही गंधार पाठोपाठ आले म्हणून दचकू नका. मग त्याने विशीत, १९२८-२९ मध्ये लिहिलेल्या आठ प्रील्यूड्सपैकी पहिलं घ्या, 'ला कोलोंब', म्हणजे कबुतर. दोन पानं, संथ चाल. ते बसलं की सातवं, 'प्लँत काल्म'. मेहनत आहे, पण झेपतं. १९८५ ची 'छोटी पक्षीचित्रं' मात्र नावालाच छोटी, बोटांसाठी नाहीत.

एक गंमत बघा. या प्रील्यूड्समध्ये देशी ताल अजून आलेलेच नाहीत. म्हणून सोपं तेवढं वाजवून थांबू नये. कबुतर बसलं की क्वार्टेट ऐकावं, हातात १७ आणि २९ चा कागद घेऊन.

आता कुणीतरी म्हणेलच, 'बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं!' जरा थांबा. मेसियाँने यादवांच्या दरबारातलं गाणं ऐकलं नव्हतं, त्याच्याकडे होता फक्त एक तक्ता. आणि तो तक्ता आज आपल्यापैकी किती जणांनी उघडलाय? आमच्या शाळेत यादव म्हणजे किल्ला आणि पराभव, एवढंच. त्याच राज्यातल्या एका हिशेबनिसाने लय मोजून ठेवली होती, हे मला कळलं ते पॅरिसवरून. अभिमान नंतर. आधी २-३-२ तरी वाजवता यायला हवं.