घडीचे कोडे : एका बहुवारिकशास्त्रज्ञाची शोधकथा

दुधाची पिशवी आपण रोज हाताळतो. पण ती ज्या पॉलिथिनची बनते, त्याचे अंतरंग उलगडण्यास विज्ञानाला अनेक दशके लागली. असे पदार्थ म्हणजे असंख्य अणूंच्या लांबच लांब साखळ्या होत, हा विचार जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडला. त्यास प्रारंभी कडाडून विरोध झाला. नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला तो १९५३ साली.

साखळ्या मान्य झाल्या, तरी त्या स्फटिकात कशा मावतात, हा प्रश्न उरलाच. एकच साखळी अनेक सूक्ष्म स्फटिकांतून आरपार जात असावी, अशी तेव्हाची रूढ समजूत होती.

अँड्र्यू केलर यांचा जन्म १९२५ सालचा, बुडापेस्टचा. १९४८ साली मायदेश सोडून ते ब्रिटनला आले आणि पुढे ब्रिस्टल विद्यापीठात स्थिरावले. तेथे १९५७ साली त्यांनी विरल द्रावणातून पॉलिथिनचे सुटे स्फटिक वाढवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते शंकरपाळ्याच्या आकाराचे दिसले. त्यांची जाडी जेमतेम दहा नॅनोमीटर होती; साखळ्या मात्र शेकडो नॅनोमीटर लांब, आणि त्याही पापुद्र्याच्या पृष्ठभागाला काटकोनात उभ्या! याचा अर्थ एकच निघत होता : प्रत्येक साखळी घड्या घालून पुन्हा पुन्हा माघारी वळत असली पाहिजे. त्याच वर्षी टिल आणि फिशर या संशोधकांनीही स्वतंत्रपणे असे स्फटिक मिळवले. वस्तुतः गटापर्चाच्या पातळ पापुद्र्यांवरून स्टॉर्क्स यांनी हीच कल्पना १९३८ साली सुचवली होती. परंतु तिची दखल घेण्याइतकी मनोभूमी तेव्हा तयार नव्हती.

केलर यांच्या निष्कर्षावरही दीर्घ वाद झाला. साखळी लगतच्याच जागी वळते, हे पॉल फ्लोरी यांच्यासारख्या दिग्गजाला मान्य नव्हते. द्रावणातील स्फटिकांत घड्या बऱ्याच नियमित असतात, वितळलेला पदार्थ गोठताना मात्र बराच गुंता राहतो, हे पुढे स्पष्ट होत गेले.

केलर येथेच थांबले नाहीत. दोन भिन्न स्वभावांच्या साखळ्या टोकाला टोक जोडून ‘ब्लॉक कोपॉलिमर’ बनतो. त्या एकमेकींत मिसळत नाहीत, पण जोडल्या असल्याने दूरही जाऊ शकत नाहीत. म्हणून सूक्ष्म वस्त्या करून राहतात. १९७० साली केलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, अशा एका पदार्थातील पॉलिस्टायरिनचे बारीक दंड रबरासारख्या भागात मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी शिस्तीने उभे राहतात. दोन्ही घटक अस्फटिकी, तरी रचना स्फटिकासारखी! याच जातीचे पदार्थ पादत्राणांच्या तळव्यांतही वापरले जातात.

केलर १९९९ साली निवर्तले. लांब दोरी आखूड खोक्यात कशी मावते, हा त्यांचा प्रश्न आपल्या शाळेतील एखाद्या विद्यार्थ्यालाही सुचावा इतका साधा होता. रूढ समजूत आणि मोजमाप यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी मोजमापावर विश्वास ठेवला. शाळेच्या प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ हा रकाना ‘अनुमाना’च्या आधी येतो, तो याचसाठी.