ओवी आणि पत्र : साने गुरुजींचे लोकगीतसंकलन

राहाता तालुक्यातील शिर्डी येथे साईबाबा गहू दळावयास बसले असता गावच्या बायांनी जात्याचा खुंटा आपल्या हाती घेतला व गीते गात दळण पुरे केले, हा प्रसंग दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पहिल्याच अध्यायात येतो. प्रसंग अजरामर झाला. गाणाऱ्या त्या बायांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत. जात्यावरील ओवीचे भाग्य सर्वत्र असेच होते. व्यापाऱ्याच्या खतावणीत दमडीचीही नोंद राहते. माउलीच्या कंठातील हे धन मात्र क्वचितच कागदावर उतरले. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, घरातील जाती थांबली, आणि गाण्याचे निमित्तच सरले.

हे धन वेचणाऱ्यांत कवी साने गुरुजी (1899-1950) अग्रणी होत. ‘पत्री’ हा त्यांचा काव्यसंग्रह ब्रिटिश सरकारने जप्त केला होता. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. दुसऱ्याचे बोल आपल्या हाताने जपण्याची ही वृत्ती ‘स्त्रीजीवन’ या ओवीसंग्रहात पूर्णत्वास गेली. मायलेकरे, भाऊबहीण अशा विषयांनी ओव्या लावून त्यांचा भाव गुरुजींनी गद्यात असा उलगडला आहे की, तो केवळ संग्रह वाटत नाही.

पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची ‘सुंदर पत्रे’ शेजारी ठेवून वाचावीत. फुले, पाखरे, माणसे यांच्या वार्ता सांगता सांगता ती मायेने ओथंबतात. अक्षरओळख नसलेल्या सासुरवाशिणीची ओवी तरी दुसरे काय होती? माहेरी न पोहोचलेले पत्रच ते. भेद एवढाच की पत्राखाली सही असते, ओवीखाली नसते.

ही उणीव हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी भरून काढली. त्यांच्या उपक्रमात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्यांसोबत गाणारीचे नाव व गावही नोंदले गेले.

राजस्थानात कोमल कोठारी (1929-2004) यांनी विजयदान देथांसमवेत 1960 साली बोरुंदा येथे रूपायन संस्थान स्थापून तेथील लोकगीते जतन केली. मारवाडातून महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेल्या ओसवाल घरांतही लग्नप्रसंगी बन्ना-बन्नीची गीते गायिली जातात. ती मुखोद्गत असलेल्या आजीबाई काही घरांत अद्याप आहेत.